कोरियन बापांचा खोकला

कोरियन सिनेमातल्या बापांचा मला तिटकारा आहे. हे मी कुठे बोलले की समोरचा माणूस गोंधळतो, कारण त्याला हल्ली पोरी मोबाइलवर बघतात त्या गुळगुळीत चेहऱ्यांच्या मालिका आठवतात. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. मी म्हणते ते जुने, काळेपांढरे, तिथलं युद्ध संपल्यानंतरच्या काळातले कौटुंबिक सिनेमे. ते मी नाशिकमध्ये, गंगापूर रोडच्या एका शाळेच्या सभागृहात, रविवारी सकाळी लोखंडी खुर्चीवर बसून पाहिले. नुसते पाहिले नाहीत, अण्णांच्या कानात मराठीतून सांगितले. त्या बापांचं एकेक वाक्य माझ्या तोंडून गेलंय. तिटकारा यायला एवढं पुरे.

अण्णा म्हणजे माझे वडील. नाशिक रोडच्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. आम्ही जेल रोडला राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. प्रेसमधल्या माणसाच्या मुलाने प्रेसमध्येच लागावं असा त्या वेळी आमच्या आसपास सगळ्यांचा समज होता, आणि अण्णांचा तर तो समजही नव्हता, तो त्यांना निसर्गाचा नियम वाटायचा. नव्वदीच्या सुरुवातीला दादा बारावी झाला. त्याला हॉटेल मॅनेजमेंटला जायचं होतं. त्याने ते जेवताना सांगितलं.

अण्णांनी आधी आईकडे बघितलं, जणू हा पदार्थ तिनेच बिघडवला.

"म्हणजे काय करणार तू तिथे?"

"स्वयंपाक शिकणार. सर्व्हिस शिकणार."

"माझा मुलगा लोकांच्या ताटात वाढणार? उष्टी उचलणार?"

"हो," दादा म्हणाला. "उचलणार."

अण्णांनी त्याच्या मुस्काटात मारली. दादाचा तोंडातला घास ताटाबाहेर पडला. मग महिनाभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही, आणि ज्या दिवशी दादा पुण्याला निघाला त्या दिवशी अण्णांनी त्याची बॅग उचलून जिन्यावरून खाली फेकली. ती मधल्या वळणावर आपटून उघडली. कपडे पायऱ्यांवर पसरले. आई खाली गेली, पायरीवर बसली आणि एकेक शर्ट झटकून, घडी घालून परत बॅगेत भरायला लागली. मी तिच्या हातात कपडे देत होते. शेजारपाजारची दारं किलकिली झाली होती. अण्णा वरून, कठड्याला धरून म्हणाले, "हा जिना परत चढायचा नाही."

तेव्हाही मला वाटून गेलं की हे वाक्य त्यांचं स्वतःचं नाही. कुठल्यातरी सिनेमातून उचललेलं आहे.

दादा चढला नाही. पुण्यात शिकला, एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनचा व्यवस्थापक झाला, बरोबर शिकलेल्या मुलीशी लग्न केलं. लग्नाला आई आणि मी, मावशीकडे जातो असं सांगून गेलो. पुढे आई गेली तेव्हा तो आला, रामकुंडावर सगळं रीतसर केलं आणि घाटावरूनच परत फिरला. बापलेक एकमेकांपासून दोन हातांवर उभे होते. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता, आपण किती सोसतोय हे दुसऱ्याने बघावं असा.

माझ्याबद्दल अण्णांचं काही स्वप्न नव्हतं, त्यामुळे ते मोडलंही नाही. मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, कॉलेजात शिकवायला लागले. लग्न झालं नाही. त्याची कारणं कंटाळवाणी आहेत. आई गेल्यावर घरात मी आणि अण्णा राहिलो. मी सकाळी पोळीभाजी करून जायची, संध्याकाळी येऊन पुन्हा करायची. ते पेपर वाचायचे, प्रेसमधल्या निवृत्त मित्रांबरोबर स्टेशनपर्यंत फिरून यायचे आणि भाजीत मीठ कमी असलं की सांगायचे. बरोबर असलं की काही सांगायचे नाहीत.

मग त्यांचे दात पडले.

कॉलेज रोडवर एक दातांचे डॉक्टर होते. पुण्याला जाऊन सिनेमा कसा बघावा याचा महिन्याभराचा कोर्स त्यांनी केला होता आणि तेव्हापासून दात हा त्यांचा जोडधंदा झाला होता. शहरात ते एक फिल्म सोसायटी चालवायचे. खुर्चीत आडव्या पडलेल्या, तोंड उघडं असलेल्या माणसाला ते जगभरचे दिग्दर्शक समजावून सांगायचे. कवळीचं माप देताना अण्णांच्या तोंडात गुलाबी लगदा होता आणि डॉक्टर त्यांना सांगत होते, "दिल्लीहून जुन्या कोरियन फिल्म्सचं पॅकेज आलंय. बाप आणि मुलगा हा विषय. तुम्ही यायलाच पाहिजे." अण्णांनी मान हलवली. मान हलवू नका म्हणून डॉक्टरच ओरडले.

अण्णा नवी कवळी घालून पहिल्या रविवारी गेले ते मला घेऊनच. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून द्वारका चौकातून नेलं. सभागृहात पन्नाशीपुढची पंचवीस-तीस माणसं होती, बहुतेक पुरुष. आधी डॉक्टर बोलले. दर चार शब्दांनंतर ते थांबायचे आणि वर छताकडे बघायचे. "हा बाप... म्हणजे केवळ बाप नाही... तो एक जखमी देश आहे." लोकांनी माना डोलावल्या. दिवे गेले.

पहिला सिनेमा एका लहान स्टेशनच्या स्टेशनमास्तरचा होता. त्याचा मुलगा शेती नको, रेल्वे नको म्हणून राजधानीत पळून जातो. खाली इंग्रजी पट्ट्या येत होत्या. अण्णांना इंग्रजी पाट्या वाचता यायच्या, पण या पट्ट्या भराभर जायच्या. त्यात ती पांढरी अक्षरं, आणि पडद्यावर बघावं तर बर्फ, नाहीतर पांढरे कपडे. अर्धी वाक्यं दिसायचीच नाहीत. अण्णांनी कोपराने ढोसलं. "काय म्हणतोय?"

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "म्हणतोय, या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस."

अण्णा एकदम ताठ बसले.

पुढे दीड तास तो स्टेशनमास्तर कसा वागला ते मी सांगते. बायकोवर ओरडला. थोरल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण व्याह्याने त्याला आधी नमस्कार केला नाही. मुलाचं पत्र न वाचता शेगडीत टाकलं. घरातली धाकटी मुलगी सारखी ट्रे घेऊन यायची, गुडघे टेकून ठेवायची आणि मागच्या मागे सरकत्या दारातून निघून जायची. आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्या माणसाला खोकला आला. झालं. मुलगा धावत आला, गुडघ्यावर बसला, कपाळ जमिनीला लावलं, आणि बापाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. व्हायोलिनं किंचाळायला लागली. बापाने केलेल्या एकाही गोष्टीचा कुणी हिशेब विचारला नाही. खोकल्याने सगळं धुऊन निघालं.

मी शेजारी बघितलं. अण्णा रडत होते. रुमाल डोळ्यांना नव्हता, तोंडाला होता, बहुतेक कवळी सुटेल म्हणून. आईला घाटावर निरोप देताना हा माणूस रडला नव्हता.

दिवे लागले तर सभागृहातले सगळेच म्हातारे डोळे पुसत होते. निवृत्त इंजिनिअर, वकील, पंचवटीतले एक भिक्षुकी करणारे गुरुजी. यांतल्या कितीजणांच्या घरी कुणाची बॅग जिन्यावरून गेली असेल, असं मला वाटलं. नंतर चहा होता. चहा पिताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, "संस्कृती बघा, थेट आपलीच." मी हसले तर त्यांना वाटलं मी सहमत आहे.

पुढच्या रविवारी माझ्या मागच्या-पुढच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. अण्णांना मी सांगते ते इतरांनीही ऐकलं होतं. गुरुजी म्हणाले, "बाई, जरा मोठ्याने सांगा." तिसऱ्या रविवारी डॉक्टरांनी मला माइक द्यायची तयारी दाखवली. मी माइक नको म्हणाले, पण मोठ्याने सांगू लागले. अशी मी कोरियन बापांचा आवाज झाले. कॉलेजात मी शेक्सपिअरच्या काळावर नोट्स द्यायची आणि रविवारी म्हाताऱ्यांना सांगायची, "म्हणतो, तू माझा मुलगाच नाहीस." "म्हणतो, तुझ्या आईनेच तुला बिघडवलं." माझ्या तोंडून ही वाक्यं निघाली की ओळीतून समाधानाचे सुस्कारे यायचे.

एकेका सिनेमात बापाचा धंदा बदलायचा, बाकी माणूस तोच. मी डॉक्टरांना एकदा विचारलं, "यांतला एकही बाप चुकलो म्हणत कसा नाही?"

ते छताकडे बघून म्हणाले, "त्याचं मौन... हीच त्याची कबुली आहे."

"आणि ती पोरगी? ट्रे आणते ती? तिचं मौन काय आहे?"

त्यांना ती आठवेना.

घरी वेगळंच सुरू झालं. अण्णा कोरियन व्हायला लागले. आधी त्यांनी खुर्ची सोडली आणि गॅलरीत सतरंजीवर बसायला लागले. पेपर मांडीवर तसाच, नजर जेलच्या भिंतीकडे. मी चहा नेऊन ठेवला की एक उसासा. मग एके दिवशी ते खोकले. कोरडा, मोजून मापून खोकला. मी घरात असले की यायचा, बाथरूममध्ये गेले की थांबायचा. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, दातांच्या नव्हे, खऱ्या. त्यांनी छातीचा फोटो काढला, तपासलं आणि सांगितलं, छाती स्वच्छ आहे, या वयात इतकी चांगली छाती बघायला मिळत नाही. अण्णांना हे अजिबात आवडलं नाही.

एका संध्याकाळी मी मेथी निवडत होते. ते गॅलरीतून म्हणाले, "त्याला कळव."

"कुणाला?"

त्यांनी सतरंजीचं दुमडलेलं टोक सारखं केलं.

"काय कळवू?"

"काही नाही. मी सांगितलं असं म्हणू नकोस."

मला इतकी चीड आली की मेथीची अख्खी जुडी मी तशीच केराच्या टोपलीत टाकून दिली. इतक्या वर्षांनी मुलगा हवासा वाटला, तर फोन समोर होता. नंबर त्यांना पाठ होता, मी दादाला फोन लावायची तेव्हा ते लक्ष नाही असं दाखवत ऐकायचे हे मला माहीत होतं. पण सिनेमातला बाप स्वतः फोन करत नाही. त्याच्याकडे त्यासाठी पोरगी असते.

तरी मी फोन केला. का केला ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा तो खोकला थांबावा म्हणून.

"दादा, अण्णांना खोकला आहे."

"कधीपासून?"

"कोरियन सिनेमे बघायला लागल्यापासून."

त्याला वाटलं मी विषय टाळतेय, म्हणजे नक्की काहीतरी गंभीर आहे. शनिवारी तो गाडी घेऊन आला. एकटाच. वहिनी आली नाही. तिने फोनवर मला सरळ सांगितलं, "मला बोलावलेलं नाही. मी का येऊ?" त्या सगळ्या प्रकरणात डोकं ठिकाणावर असलेलं माणूस तेवढं एकच.

दादा जिना चढून आला. मी दार उघडलं. तो जाड झाला होता, कानांवर पांढरे केस आले होते. अण्णा सतरंजीवर बसले होते, ते उठले नाहीत.

"आलास?"

"हो."

"पाणी दे गं त्याला."

हे त्यांचं पुनर्मीलन. मी पाणी दिलं. मग दोघं तासभर पुण्याच्या रस्त्याबद्दल बोलले. संगमनेरजवळ काम कसं अर्धवट आहे, घाटात ट्रक कसे बंद पडतात. दादा म्हणाला, आता चार पदरी होणार आहे. अण्णा म्हणाले, झाला पाहिजे. जिन्याचा विषय निघाला नाही. खोकलाही आला नाही, मुलगा समोर असताना तो लागतच नव्हता. रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "उद्या सकाळी मला सिनेमाला जायचं असतं."

"कुठला?"

"कोरियन. ही सांगते मराठीतून. तूही ये."

रविवारी आम्ही तिघं दादाच्या गाडीतून गेलो. सभागृहात मला मध्ये बसावं लागलं, कारण दोघांनाही ऐकायचं होतं. डावीकडे अण्णा, उजवीकडे दादा. मागे नेहमीचे गुरुजी.

त्या दिवशीचा सिनेमा एका न्हाव्याचा होता. गल्लीत त्याचं लहानसं दुकान, मागे घर. मुलाला विदेशी कचेरीत कारकुनी लागते, आणि तो बापाकडून केस कापून घेणं बंद करतो. बाजारातल्या मोठ्या सलूनमध्ये जातो. बापाच्या ते लक्षात येतं, कारण मानेवरची रेघ त्याच्या हातची नसते. हे चांगलं दाखवलं होतं, मी कबूल करते. पण मग नेहमीचं. बाप मुलाला गिऱ्हाइकांसमोर मारतो, त्याचं सामान गल्लीत फेकतो. ट्रंक उघडते, कपडे चिखलात. दादाने खुर्चीत हालचाल केली. मी सांगत राहिले. "म्हणतो, तुला माझ्या हातांची लाज वाटते." "मुलगा म्हणतो, हो, वाटते."

शेवटी बर्फ. बाप अंथरुणाला खिळलेला, अर्थातच खोकत. मुलगा येतो. काही न बोलता दुकानातल्या खुर्चीत जाऊन बसतो. बाप भिंत धरत उठतो, थरथरत्या हाताने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधतो आणि केस कापायला लागतो. पडद्यावर शब्द नाही, फक्त कात्रीचा आवाज. तेवढ्यात मुलगी आतून गरम पाण्याचं भांडं घेऊन येते. दोन्ही हातांत भांडं, वाफ तिच्या तोंडावर येतेय. ती उभी राहते. बाप तिच्याकडे न बघता काहीतरी म्हणतो. खाली पट्टी आली.

मी ती सांगणार तेवढ्यात डावीकडून एक हात माझ्या मांडीवर आला. अण्णांचा. तो माझ्यासाठी नव्हता, चाचपडत पुढे चालला होता. उजवीकडून दादाचा हात आला. माझ्या मांडीवर, माझ्या पर्सवर, त्या दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि दोघं रडायला लागले. दादाचे खांदे हलत होते. अण्णांच्या नाकातून शीळ वाजत होती. मी मध्ये टेबलासारखी बसले होते. त्यांच्या हातांचं वजन मांडीवर, आणि मला पाय हलवता येईना.

मागून गुरुजी म्हणाले, "बाई, काय म्हणाला बाप?"

"ठेव तिथे," मी म्हणाले.

"अं?"

"ठेव तिथे, म्हणाला. मुलीला. भांडं ठेव तिथे." हे मी इतक्या मोठ्याने बोलले की पुढच्या दोन ओळी मागे वळल्या. त्या दोघांनी मात्र ऐकलं नाही. पडद्यावरची मुलगी भांडं ठेवून आत गेली आणि पुन्हा काही आली नाही.

दिवे लागायच्या आत मी त्यांचे हात उचलून बाजूला केले आणि बाहेर पडले. दारात डॉक्टर भेटले, त्यांचेही डोळे ओले होते. "आज तुमचा आवाज... फार आतून आला," ते म्हणाले. मी फाटकाबाहेर पडले. चालत चालत कॉलेज रोडपर्यंत आले, एका गर्दीच्या मिसळीच्या दुकानात शिरले आणि एकटीने मिसळ खाल्ली. रविवारी सकाळी तिथे सगळी कुटुंबंच्या कुटुंबं असतात, एकटी बाई म्हणून वेटरने मला दोनदा विचारलं, अजून कुणी येणार आहे का. नाही म्हणाले. जास्तीचा पाव मागितला. वर दही खाल्लं. मग सिटी बसने, रमतगमत, घरी.

दोघं टेबलाशी बसले होते. चेहरे धुऊन, ताजेतवाने.

"कुठे होतीस?" दादाने विचारलं. "आम्हाला वाटलं, तू पुढे येऊन स्वयंपाकाला लागली असशील."

"मी जेवून आले."

अण्णांना काही कळेना. "आणि आम्ही?"

"दादा आहे की," मी म्हणाले. "रोज शेकडो माणसांना जेवू घालतो."

मी आत जाऊन पडले. स्वयंपाकघरातून आवाज यायला लागले. दादा खरोखर कामाला लागला होता. त्याने फ्रीजमध्ये होतं नव्हतं ते काढलं, घरातली सगळी पातेली वापरली, कांदा इतका भराभर चिरला की सुरीचा आवाज मशीनसारखा येत होता. मग त्याने अण्णांना वाढलं. हातावर नॅपकिन टाकून, डावीकडून, त्यांच्या शिक्षणात शिकवतात तसं. मी खोलीतून बघत होते. ज्या माणसाने ताटात वाढणार का म्हणून त्याला मारलं होतं, त्याच्या ताटात तो वाढत होता. त्या वाक्याची आठवण दोघांनाही असणार. दोघांनीही ती काढली नाही.

"हाताला चव आहे रे तुझ्या," अण्णा म्हणाले.

आई गेल्यापासून मी त्या माणसाला दोन वेळचं जेवण करून घालत होते. चव हा शब्द माझ्या वाट्याला फक्त मीठ कमी पडल्यावर यायचा. मला रडू आलं नाही. मला त्या दोघांची फार स्वच्छ, फार थंड अशी घृणा वाटली, आणि ती वाटल्यावर बरं वाटलं. दादा संध्याकाळी गेला. पातेली मी तशीच ठेवली. सकाळी कामवाल्या मावशी म्हणाल्या, "काल पंगत बसली व्हती का काय?"

खोकला गेला. अण्णांनी महिनाभर जो भेटेल त्याला मुलगा आल्याचं सांगितलं. मग त्यांना पुण्याला राहायला जायची ओढ लागली. दादा येऊन घेऊन गेला. आता कायमचे तिकडेच, असं ते इमारतीत सांगून गेले. मी घरात गाणी लावून झोपायची, वाटलं तर रात्री नुसतं दूधपोहे खायची. पण ते फार दिवस टिकलं नाही. एका दुपारी अण्णा एस.टी.ने एकटेच परत आले. बॅग दारात ठेवून म्हणाले, "तिकडे कुणी बोलतच नाही."

मला पुढे वहिनीकडून कळलं. दादा सकाळी सातला जायचा, रात्री दहाला यायचा. वहिनीची नोकरी. अण्णा गॅलरीत सतरंजी टाकून बसायचे, पण बघायला कुणी नव्हतं. एकदा रात्री ते खोकले तर दादाने झोपेतच सांगितलं, "कपाटात सिरप आहे." सिनेमा हात धरण्यापाशी संपतो म्हणून तो सिनेमा. पुढच्या सोमवारचं ते दाखवत नाहीत.

त्यानंतर मी फिल्म सोसायटीत गेले नाही. डॉक्टरांचा फोन आला, लोक विचारतात म्हणाले. मी म्हणाले, "त्यांना माझी गरज नाही. ते तसेही रडतील." आणि झालंही तसंच. अण्णा रिक्षाने एकटे जाऊ लागले. एक शब्द कळत नसताना दीड तास बसायचे आणि डोळे लाल करून यायचे. मी विचारायची, "काय होतं आज?" ते म्हणायचे, "बाप होता. मुलगा होता." पुढे कोरियन पॅकेज संपलं, मग डॉक्टरच मुलाकडे परदेशी गेले आणि सोसायटी बंद पडली.

अण्णा गेले ते त्यानंतर काही वर्षांनी, खोकल्याने नव्हे, झोपेत. रामकुंडावर सगळं दादाने केलं. मी टॉवेल आणि कोरडे कपडे धरून उभी होते. नातेवाईक जमले होते, त्यांना तो सांगत होता की शेवटची काही वर्षं आमचं सगळं नीट झालं होतं, एका सिनेमामुळे. लोकांनी हळहळ व्यक्त केली.

परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. पंचवटीतली गर्दी संपल्यावर तो म्हणाला, "त्या न्हाव्याच्या सिनेमात शेवटी बाप माफी मागतो ना, तो सीन मी विसरू शकत नाही."

"माफी नाही मागत."

"मागतो. केस कापताना. तू सांगितलंस मराठीत."

"मी नाही सांगितलं. तिथे एकच वाक्य होतं आणि ते मुलीला होतं."

"असं कसं? मला तुझा आवाज आठवतोय. चुकलं माझं, असं म्हणतो तो."

मला वाटलं असतं तर मी हो म्हटलं असतं. त्याने मुंडन केलं होतं, डोकं उन्हात चमकत होतं, आणि तो गाडी चालवता चालवता माझ्याकडे बघत होता. पण त्या बापाला मी फुकट माफी का मिळवून द्यायची? कोरियन असो नाहीतर जेल रोडचा.

"नाही म्हणत, दादा. कुणीच काही म्हणत नाही. हात धरतात आणि सिनेमा संपतो."

त्याने गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडायला लागला. हे रडणं वेगळं होतं. आवाज घाणेरडा होता, नाक वाहत होतं आणि कुणी बघावं असं त्यात काही नव्हतं. मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते. त्याचं झालं, त्याने शर्टच्या बाहीने तोंड पुसलं. मग मी उतरले, गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला गेले, दार उघडलं आणि म्हणाले, "सरक तिकडे. मी चालवते."

तो सरकला.